चटईच्या भिंतीखालून

पायांची कथा जमिनीपासून सांगावी. माणूस मोठा झाला की लोक त्याचे कपाळ पाहतात, त्याचे हात पाहतात, त्याच्या नावाच्या पाट्या वाचतात. आणि ज्यांनी त्याला तिथवर वाहून आणले ते बिचारे पाय धुळीतच राहतात. केपुएलीने मात्र जन्मभर पायच पाहिले. साठी उलटली, केस समुद्राच्या फेसासारखे झाले, तरी तोंगाच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या पेठेतल्या आपल्या मूळ दुकानात तो जमिनीवर मांडी घालून बसे, आलेल्याचा पाय आपल्या गुडघ्यावर घेई, तळव्यावरून अंगठा फिरवी आणि सांगे, "डावा जरा रुंद आहे. माप डाव्याचंच धरू."

सरदाराघरचा मुलगा येवो की मासे विकून आलेला कोळी येवो, रग्बीच्या मैदानावरचा धिप्पाड गडी येवो की नेटबॉल खेळणारी शाळकरी पोर येवो. पाय गुडघ्यावर आणि केपुएली जमिनीवर. खेळाचे बूट आणि खेळाचे कपडे विकणारी त्याची दुकाने बेटे ओलांडून गेली. नेइयाफूला गेली, आपियाला गेली, सुवाला गेली, ऑकलंडला आणि सिडनीला गेली. 'वाए मालोही' ही पाटी सगळीकडे तीच. भक्कम पाय. ऑकलंडच्या दुकानात खुर्च्या आल्या, पण त्या गिऱ्हाइकांसाठी. मापणारा तिथेही जमिनीवरच बसला.

आणखी एक गोष्ट कुठेच बदलली नाही. प्रत्येक दुकानाच्या मधोमध केवड्याच्या पानांची विणलेली चटई छतापासून जमिनीपर्यंत टांगलेली असे. चटईच्या अलीकडे बूट, पलीकडे कपडे. ऑकलंड-सिडनीची गिऱ्हाइके म्हणत, काय सुंदर सजावट आहे. सजावट कसली? ती भिंत होती, आणि मूळ दुकानात त्या भिंतीपलीकडे लेसिएली बसत असे.

लेसिएली केपुएलीची थोरली बहीण. बहिणीचा मान भावाच्या वर, आणि मान म्हणजे अंतर, हे तोंगातल्या मुलाला कुणी शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबर ते पोटात उतरते. लहानपणी ओहोटीच्या वेळी ही दोघे प्रवाळाच्या खडकांवर शिंपले वेचायला जात. लेसिएली पुढे, केपू मागे. "मी जिथं पाय ठेवते तिथंच ठेव," ती वळून न पाहता सांगे, आणि तो तिच्या ओल्या पावलांत आपली पावले टाकत चाले. एकदा तिच्या डाव्या घोट्याला प्रवाळ लागले, रक्त आले. तरी तिने चाल मोडली नाही, कारण मागून येणारा तिच्याच पावलांवर विसंबला होता. पुढे केपू मोठा झाला. रीतीप्रमाणे त्याचे अंथरूण अंगणातल्या मुलांच्या झोपडीत गेले. त्या दिवसापासून बहिणीच्या खोलीत जाणे नाही, तिच्याशी थट्टा नाही, तिच्या कपड्यांकडे नजर नाही. तिच्या पायांकडेही नाही.

मग मावशीने ऑकलंडहून जहाजाने एक मोठे पिंप पाठवले. घरच्यांना वापरायला, उरले तर विकायला. लेसिएलीने ओट्यावर झाकण उघडले. वर रग्बीचे बूट होते. केपूचे हात शिवशिवले, त्याने दोन जोड उचललेसुद्धा. तिसऱ्या थराला बायकांचे व्यायामाचे तंग कपडे निघाले. केपूने जी पाठ फिरवली तो थेट नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. गाव जमले होते, हसत होते. लेसिएली हसली नाही. तिने घरातून चटई आणली, ओट्याच्या दोन खांबांमध्ये बांधली, आणि मोकळ्या हवेला उद्देशून म्हणाली, "बूट त्या बाजूला. कपडे या बाजूला. ज्याला विकायचंय त्याने यावं."

असे ते दुकान सुरू झाले. ओट्याचे गाळे झाले, गाळ्यांची दुकाने झाली, दुकानांचे देश झाले. चटई मात्र राहिली. एवढा कारभार या भावाबहिणीने हाकला, पण समोरासमोर बसून एकदाही नाही. दोघांच्या मध्ये, भिंतीच्या टोकाशी, केपुएलीची बायको पिसिला टारोच्या कंदांची साले काढत बसे, आणि सगळा व्यवहार तिच्या तोंडून होई.

"पिसिला, त्याला विचार, सुवाला रुंद बूट कमी का गेले?"

"ऐकलं ना? रुंद बूट कमी का गेले?"

"आक्कांना सांग, जहाज चुकलं. पुढच्या जहाजाने जातील."

"वन्सं, जहाज चुकलं म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून मी या घरचं तारयंत्र झालेय. दोघांनाही देवाने कान दिलेत, पण ते बहुतेक बुटांच्या खोक्यात ठेवलेत."

भिंतीच्या दोन्ही बाजूंना हसू फुटे. पण पलीकडे ऐकू जाणार नाही इतक्याच बेताचे.

केपुएलीला पावलांचे आवाज कळत. डोळे मिटून तो सांगे, दारात कोण आले, कुणाची टाच दुखते आहे, कुणाचा बूट सैल आहे. आणि गेले वर्षभर चटईपलीकडून एक आवाज येत होता. डावे पाऊल नेहमीसारखे ठाम, उजवे घसटत. ठाम, घसट. ठाम, घसट. त्याने तो ऐकला. ऐकला आणि मान दुसरीकडे वळवली. बहिणीच्या पावलांचा कानोसा भावाने घ्यायचा नसतो, असे त्याने स्वतःला सांगितले. त्याला वाटले, हाच आदर. प्रेम दाराशी येऊन उभे असते, आणि आपण मर्यादा म्हणून दार लावून घेतो. आत बसून वर देवाचे आभारही मानतो की आपले दार किती घट्ट आहे.

कळले ते पिसिलाला, आणि तेही माश्यांमुळे. लेसिएलीच्या घोळदार वस्त्राच्या काठाशी माश्या घोंगावत होत्या.

"वन्सं, पाय दाखवा."

"तुला काय करायचंय माझा पाय? तू टारो सोल."

"दाखवा म्हणते ना."

पिसिलाने काठ उचलला. उजव्या पायाला फडके गुंडाळलेले होते. आतली दोन बोटे काळी पडली होती आणि काळेपणा वर सरकत होता. साखरेचा आजार लेसिएलीला पुष्कळ वर्षांचा. कधी खिळा लागला, कधी जखम झाली, तिला समजलेच नव्हते. समजले तेव्हा तिने फडके बांधले आणि गप्प राहिली. पिसिलाला सांगितले तर ते भिंतीपलीकडे जाणार, आणि बहिणीचा पाय हा भावाच्या कानी घालायचा विषय नव्हे.

डॉक्टर फेकिता त्यांच्याच गावची मुलगी. तिने पाय पाहिला आणि जमिनीवरच बसली. "गुडघ्याखालून काढावा लागेल, मावशी. नाही काढला तर विष वर चढेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"फेकिता, तू जन्मलीस तेव्हा तुला गुंडाळायला चटई मी दिली. आज माझा पाय मागायला आलीस?"

"पाय नाही मागत. तुम्हाला मागते."

"देवाने दोन दिलेत, दोन घेऊन त्याच्यापुढे जाईन. आणि दारावर 'भक्कम पाय' लिहायचं नि आत एका पायावर बसायचं? लोक खोकं उघडून बघतील, आत एकच बूट आहे की काय."

पाळक आले, प्रार्थना झाली. लेसिएलीने मनापासून 'आमेन' म्हटले, त्यांच्या हातात मोठा कंद दिला आणि वाटेला लावले. परदेशातल्या नातलगांचे फोन आले. तिने सगळ्यांचे ऐकून घेतले, सगळ्यांना आशीर्वाद दिले. तिला आज्ञा करील असे त्या कुळात कुणी उरले नव्हते. सगळ्यांची आत्या ती, सगळ्यांची थोरली ती. लग्नात पहिली चटई तिची, मयतात उशाची जागा तिची. जिच्या शब्दापुढे शब्द नाही, तिला वाचवायचे कुणाच्या शब्दाने?

पिसिला नवऱ्याकडे आली. तो अंगणात जाळे दुरुस्त करीत बसला होता.

"तुम्ही सांगा त्यांना."

"भावाने बहिणीला हुकूम करायचा?"

"हुकूम नका करू. बोला तर खरं."

"काय बोलू? तिच्या पायाबद्दल मी बोलायचं? पिसिला, काहीतरी रीत आहे."

"आहे ना. रीत आहे, चटई आहे, मान आहे, सगळं जागच्या जागी आहे. फक्त माणूस जायला निघालंय. त्या गेल्यावर कुणाचा मान राखाल? चटईचा?"

केपुएलीच्या हातातली गाठ सुटली. ती त्याने पुन्हा बांधली नाही.

रविवार आला. बेटावर रविवारी दुकान नाही, नाव नाही, कुदळ नाही. फक्त घंटा आणि गाणे. चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला केपुएली उभा होता. शेकडो कंठ छताला भिडले होते, आणि त्या शेकडोंतून एक कंठ त्याला वेगळा ऐकू येत होता. थोरल्या बहिणीचा. जाडा, स्थिर, न थरथरणारा. पाय मरत होता आणि गळा गात होता. मग पाळकांनी बायबलमधली शेवटच्या जेवणाची कथा वाचली: स्वामी उठले, कमरेला पंचा गुंडाळला, घंगाळात पाणी घेतले, आणि शिष्यांचे पाय धुवायला बसले. एक शिष्य म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. त्यालाही मानच राखायचा होता.

ही कथा केपुएलीने जन्मभर ऐकली होती. त्या दिवशी मात्र त्याला एकच दिसले: देव जमिनीवर बसला आहे. ज्याच्या पायांवर आकाश डोके ठेवते, तो खाली बसला आहे आणि दुसऱ्याचा मळका पाय त्याच्या हातात आहे. हे तर मी रोज करतो, केपुएलीला वाटले. ओळख ना देख अशांचे पाय मी रोज हातात घेतो. साऱ्या समुद्राचे पाय घेतले, आणि ज्या पावलांत पाऊल टाकून मी चालायला शिकलो, तेवढा एक पाय राहिला.

सोमवारी सकाळी दुकान उघडले. लेसिएली नेहमीप्रमाणे पलीकडे येऊन बसली. ठाम, घसट. केपुएली भिंतीजवळ गेला, चटईचा खालचा काठ त्याने वीतभर गुंडाळला आणि दोरीने बांधला. मापाची लोखंडी पट्टी त्या फटीशी ठेवली आणि मांडी घालून बसला. पिसिलाची सुरी टारोवर थांबली.

"पिसिला, आक्कांना सांग..." तो म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "आक्का."

पलीकडे कपड्यांच्या घड्या चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"या दुकानात जो येतो त्याचा पाय मी मापतो. तुमचा कधी मापला नाही. आज मापायचाय. भाऊ म्हणून नाही मागत, भावाला तो हक्क नाही. दुकानदार म्हणून मागतो."

पलीकडे हातातला कपडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पिसिला," पलीकडून शब्द आले, "दुकानदाराला विचार, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर?"

पिसिलाने नवऱ्याकडे पाहिले, पण निरोप पोचवला नाही.

"तर दुकानदार बसून राहील," केपुएली म्हणाला.

तो बसून राहिला. गिऱ्हाइके आली. पिसिलाने दारातूनच त्यांना सांगितले, "आत माप चाललंय, दुपारी या," आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून कुणी पुढे विचारले नाही. ऊन उंबऱ्यावरून आत सरकले.

आणि मग चटईच्या काठाखालून एक पाय बाहेर आला.

डावा. रुंद, सावळा, म्हातारा झालेला. घोट्यावर प्रवाळाचा जुना पांढरा वण. केपुएलीने तो वण ओळखला आणि त्याला ओहोटीचा वास आला. त्याने पाय गुडघ्यावर घेतला, पट्टीवर ठेवला, माप घेतले. "हा चांगला आहे," तो म्हणाला. "दुसरा द्या, आक्का."

पाय आत गेला. मग उजवा आला, फडक्यासकट. केपुएलीने पदर पदर करून फडके सोडले. वास आला, त्याने तोंड फिरवले नाही. त्याने तो काळा, सुजलेला, थंड पाय दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. त्याचे डोके खाली वाकले. डोळ्यांतले पाणी त्या पायावर पडले, बोटांवरून ओघळले, जमिनीवर उतरले. त्याने पाय सोडला नाही.

"केपू," पलीकडून आवाज आला. थोडा कठोर, थोडा दुखावलेला. "किती वेळ लावतोस? हात लावायला संकोच वाटत असेल तर राहू दे. मी पाय आत घेते."

पिसिलाने तोंडावर हात ठेवला.

"आक्का," केपुएली म्हणाला, "हात लावलाय."

"कधी?"

"मघाशीच. दोन्ही हातांत धरलाय."

त्याने अंगठा तळव्यात दाबला. "आता?"

"नाही."

त्याने टाच मुठीत आवळली. "आता, आक्का?"

"नाही."

त्याने हात वर नेला, घोट्यावर, घोट्याच्या वर, पोटरीला. तिथे ती म्हणाली, "हं. आता तू आहेस."

त्या 'नाही' आणि 'हं' यांच्या मध्ये केवढे अंतर होते! ज्या पायासाठी ती भांडत होती तो तिच्याजवळ नव्हताच. ती त्याला सांभाळत होती, झाकत होती, त्याला देवापुढे घेऊन जाणार होती. आणि तो कधीच निघून गेला होता.

"म्हणजे हा आधीच गेला," लेसिएली हळू म्हणाली.

"हो, आक्का."

"मला न विचारता गेला. या घरात मला न विचारता कुणी जात नाही."

केपुएलीने फडके पुन्हा गुंडाळले, बाळाला गुंडाळावे तसे. मग गिऱ्हाइकाला सांगतो त्याच सुरात सांगितले, "या पायाचा बूट माझ्याकडे नाही. कुठल्याच दुकानात नाही. डाव्याचा आहे. तुम्ही जगाल तितकी वर्षं तो मी देईन. पण तुम्ही जगायला पाहिजे."

उन्हाची तिरीप चटईपर्यंत पोचली. उजवा पाय सावकाश आत ओढला गेला.

"पिसिला," लेसिएली म्हणाली, "फेकिताला बोलाव."

इस्पितळातून तो पाय घरी आणला गेला आणि कुळाच्या दफनभूमीत, आईच्या शेजारी, पांढऱ्या वाळूखाली ठेवला गेला. त्या वेळी केपुएलीने कमरेला मोठी, फाटकी, जुनी चटई गुंडाळली होती, वरच्या नात्याचे माणूस गेले की खालच्याने गुंडाळायची ती. लोक कुजबुजले. लेसिएलीच्या कानी इस्पितळात ते गेले. तिने पिसिलाकडून निरोप धाडला, "त्याला सांग, मी अजून जिवंत आहे. चटई सोड आणि माझ्यासाठी मासा घेऊन ये."

"आक्कांना सांग," केपुएली म्हणाला, "ज्या पावलांमागून मी चाललो त्यातलं एक गेलंय. सुतक मला आहे. मासा आणतो."

त्याने मासाही नेला आणि दहावा दिवस येईपर्यंत चटईही सोडली नाही.

लेसिएली कुबड्या घेऊन दुकानात परतली. चटईची भिंत होती तिथेच होती. कुणी ती काढावी असे तिलाही वाटले नाही, त्यालाही नाही. फक्त तिचा काठ वीतभर वर राहिला. आणि लेसिएलीने फर्मान काढले: सगळ्या देशांतल्या सगळ्या दुकानांत, माप घेताना वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला डोळे मिटायला सांगायचे, तळव्याला बोट लावायचे, आणि विचारायचे, "कळतंय?" कळत नसेल तर बूट विकायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचे.

ऑकलंडचे दुकान सांभाळणारा केपुएलीचा मुलगा मकोनी फोनवर कुरकुरला. "आत्या, हे बुटांचं दुकान आहे. दवाखाना नाही. लोक काय म्हणतील?"

"मकोनी, तुझ्या बापाला सगळ्यांचे पाय कळले, घरातला कळला नाही. मला माझाच कळला नाही. तू आमच्यापेक्षा शहाणा असशील तर नको विचारू."

मकोनी विचारू लागला. आपियातही विचारू लागले, सुवातही.

लेसिएलीला दिलेल्या जोडांतले उजवे बूट केपुएलीच्या फळीवर साठत गेले. ते तो विकत नाही, कुणाला देत नाही, त्यांवरची धूळ तेवढी पुसतो. "फळी भरली की काय करायचं?" पिसिला विचारते. "दुसरी ठोकू," तो म्हणतो.

दर सोमवारी, दुकान उघडायच्या आधी, चटईखालून डावा पाय बाहेर येतो. केपुएली जमिनीवर बसलेलाच असतो. तो पाय गुडघ्यावर घेतो, बोटांच्या बेचक्या पाहतो, टाच पाहतो, वण पाहतो. मग डोळे मिटतो आणि तळव्यावर अंगठा टेकवतो.

"आक्का, हात लावलाय. कळतंय?"

कधी उत्तर यायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणात केपुएली श्वास घेत नाही. पिसिलाची सुरी थांबते.

"कळतंय रे," भिंतीपलीकडून लेसिएली म्हणते. "तुझी नखं काप आधी, टोचतंय."